शेताच्या नोंदी आणि ग्राहकांची यादी: मूळ प्रत आपल्याच हातात ठेवा

कोकणातील अनेक हापूस बागायतदार आता पेट्या बाजारात न पाठवता थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना विकतात. अशाच एका बागायतदाराचा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला फोन आला. तुडतुड्यांचा किंवा फुलकिडीचा प्रश्न असेल असे मला वाटले. पण अडचण वेगळीच होती. ज्या समाजमाध्यमावर ते चार वर्षे आंब्याच्या ऑर्डर घेत होते, ते खाते नवीन मोबाइलवरून उघडताना बंद पडले होते. तक्रार केली की ठरावीक साच्यातले उत्तर येत होते. ग्राहकांची नावे, पत्ते, कोणाला किती डझन लागतात, पैसे कोणाकडून यायचे आहेत, सगळे त्या खात्यातील संदेशांमध्ये अडकले होते. इकडे आंबा आढीत पिकत होता.

खाते सुरू व्हायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत पहिल्या तोडणीचा मोठा हिस्सा त्यांना वाशीच्या बाजारात मिळेल त्या भावाने द्यावा लागला. निम्मे ग्राहक परत मिळाले ते ट्रान्सपोर्टच्या पावतीपुस्तकामुळे. पेटी पाठवताना लिहिलेल्या प्रत्येक पावतीची कार्बन प्रत त्यांच्या वडिलांनी जपून ठेवली होती. तिच्यावर नाव, पत्ता आणि फोन नंबर होता.

हा लेख त्या पावतीपुस्तकाबद्दल आहे, म्हणजे शेतीच्या माहितीची मूळ प्रत स्वतःजवळ कशी ठेवायची याबद्दल. त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. साधी नोंदवही, मोबाइल, एक स्प्रेडशीट आणि स्वतःच्या नावाची छोटी वेबसाइट एवढे पुरते.

खंडाची जमीन आणि स्वतःची जमीन

समाजमाध्यमावरील खाते किंवा एखाद्या कंपनीचे मोफत ॲप ही खंडाने घेतलेल्या जमिनीसारखी गोष्ट आहे. तिथे पीक घेता येते, उत्पन्नही चांगले मिळते. पण मालकाने उद्या जमीन परत मागितली तर ऐकावे लागते. म्हणून कोणी तिथे विहीर खोदत नाही की कलमे लावत नाही.

इंटरनेटवर असे पूर्वी घडले आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. त्या ॲपवर ज्या ग्रामीण तरुणांनी प्रेक्षक जमवले होते, त्यांचा त्या प्रेक्षकांशी संपर्क तुटला. मार्च २०२४ मध्ये गूगलने 'बिझनेस प्रोफाइल'मधून मोफत तयार होणाऱ्या छोट्या वेबसाइट बंद केल्या. दोन्ही निर्णयांची कारणे वेगळी होती, पण वापरणाऱ्याच्या हातात काही नव्हते. ज्यांच्याजवळ मजकूर, फोटो आणि ग्राहकांचे नंबर वेगळे ठेवलेले होते, त्यांना दुसरीकडे जाणे सोपे गेले.

समाजमाध्यमे सोडा असे मी सांगत नाही. नवा ग्राहक तिथेच भेटतो. तिथे विक्री करावी, मात्र माहितीची मूळ प्रत घरात ठेवावी.

आपली माहिती म्हणजे नेमके काय?

शेतकऱ्याकडे पुढील माहिती दरवर्षी तयार होते:

• प्लॉटनिहाय नोंदी: लागवड, जात, छाटणी, खते, फवारण्या, तोडणी, उत्पादन.
• माती, पाणी व पान-देठ परीक्षणाचे अहवाल.
• खर्च व विक्रीचा हिशेब, पट्ट्या, बिले.
• ग्राहकांची व व्यापाऱ्यांची यादी.
• फोटो, व्हिडिओ, प्रमाणपत्रे.

यातील बरीचशी माहिती आज चार ठिकाणी विखुरलेली असते. काही निविष्ठा विक्रेत्याच्या ॲपमध्ये, काही व्हॉट्सॲपवर, काही मुलाच्या जुन्या मोबाइलमध्ये आणि काही फक्त डोक्यात.

सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणी या सरकारी नोंदी आहेत. त्यांची मूळ प्रत शासनाकडेच राहते. तरीही प्रत्येक हंगामात डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आणि पीक पाहणी नोंदवल्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा. विमा किंवा नुकसानभरपाईच्या वेळी तो उपयोगी पडतो.

नोंद हरवली तर काय बिघडते?

हापूसमध्ये नियमित फळधारणेसाठी पॅक्लोब्युट्राझोल वापरतात. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर ठरते. प्रति मीटर व्यासास ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या २३ टक्के तीव्रतेच्या औषधाचे सुमारे ३ मि.लि. हे संजीवक जमिनीत दीर्घकाळ टिकते. त्यामुळे कोणत्या झाडाला मागील वर्षी किती दिले, याची नोंद नसेल तर पुढची मात्रा अंदाजाने दिली जाते. जास्त झाली तर पालवी आखूड व गुच्छासारखी येते आणि झाडाची वाढ खुंटते. चारशे कलमांच्या बागेत हे लक्षात ठेवणे कोणालाही शक्य नाही.

द्राक्ष बागायतदारांनी नोंदीची किंमत निर्यातीत अनुभवली आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी 'अपेडा'ने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही प्लॉटनिहाय नोंदणीची व्यवस्था सुरू केली. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्याचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षांची मोठी अडचण झाली. त्यानंतर बागेत काय, कधी आणि किती फवारले हे शेतकऱ्याने दाखवू शकणे किती आवश्यक आहे, हे सर्वांना पटले. निर्यातदाराच्या संगणकावर आपल्या प्लॉटची नोंद असतेच, पण उद्या निर्यातदार बदलला तर जुनी नोंद आपल्यासोबत आली पाहिजे.

नोंदी कशा ठेवाव्यात?

१. शेतात वही, घरी स्प्रेडशीट. फवारणीच्या दिवशीच वहीत लिहावे. आठवड्यातून एकदा ते एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये भरावे.

२. एका ओळीत एकच काम. रकाने ठरवून घ्यावेत: तारीख, प्लॉट, झाड किंवा ओळ क्रमांक, काम, निविष्ठेचे नाव, क्रियाशील घटक, मात्रा, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी, खर्च, शेरा. उदाहरणार्थ: २०२५-०७-२८, वरची बाग, झाड १४, विस्तार ८ मीटर, पॅक्लोब्युट्राझोल २४ मि.लि.

३. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहावी. त्यामुळे नोंदी आपोआप क्रमाने लागतात.

४. स्प्रेडशीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांत भरावेत. मराठी अंक अनेकदा मजकूर म्हणून धरले जातात आणि बेरीज होत नाही. नावे व शेरे मराठीत लिहायला हरकत नाही.

५. हंगाम संपल्यावर फाइलची एक प्रत 'सीएसव्ही' प्रकारात साठवावी. ही साधी मजकुराची फाइल कोणत्याही संगणकावर व कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडते. दहा वर्षांनी आजचे ॲप नसले तरी ती वाचता येईल.

६. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. म्हणजे एक प्रत संगणकात, एक पेन ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर किंवा शहरातील नातेवाइकाकडे. पाणी शिरले, चोरी झाली किंवा खाते बंद पडले तरी तिन्ही एकाच वेळी जात नाहीत.

माहिती आधीच ॲपमध्ये अडकलेली असेल, तर ती बाहेर काढण्याचा मार्ग बहुतेक ठिकाणी असतो. व्हॉट्सॲपवरील महत्त्वाचे संभाषण 'एक्स्पोर्ट चॅट'मधून काढता येते. गूगलवरील माहिती 'गूगल टेकआउट'मधून, तर फेसबुक व इन्स्टाग्रामवरील माहितीही डाउनलोड करून घेता येते. मोबाइलमधील संपर्क 'व्हीसीएफ' फाइल म्हणून साठवता येतात. हे काम खाते सुरू असतानाच करावे. बंद पडल्यावर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

स्वतःचे नाव: डोमेन

वेबसाइटचा पत्ता म्हणजे डोमेन. तो कायमचा विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावावर नोंदला जातो आणि वेळेवर नूतनीकरण करत राहिल्यास आपल्याकडेच राहतो. एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी नोंदणी करता येते. भारताच्या 'डॉट इन' डोमेनची व्यवस्था 'निक्सी' ही संस्था पाहते. २०१४ पासून देवनागरीतील 'डॉट भारत' हे डोमेनही उपलब्ध आहे. मात्र इंग्रजी कळफलक वापरणाऱ्या ग्राहकांचा विचार करून मुख्य पत्ता 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' ठेवावा.

डोमेन आपले असले की वेबसाइट कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवली आहे याला फारसे महत्त्व राहत नाही. कंपनी बदलली तरी पेटीवर छापलेला पत्ता तोच राहतो. म्हणून ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. नोंदणी करताना पुढील काळजी घ्यावी:

• नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने व मोबाइल नंबरने करावी. वेबसाइट करून देणारा अनेकदा डोमेन स्वतःच्या खात्यात नोंदवतो. पुढे त्याच्याशी बिनसले किंवा तो गाव सोडून गेला, तर पत्ता त्याच्याकडेच राहतो.
• पहिल्या वर्षीच्या सवलतीला भुलू नये. दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर आधी विचारावा.
• डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नेण्यासाठी लागणारा हस्तांतर कोड खात्यातून मिळतो का, हे पाहून ठेवावे.
• डोमेनच्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली तर तो ईमेलही बंद पडतो आणि खाते उघडता येत नाही.
• दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. खाते परत मिळवण्याचे कोड कागदावर लिहून जमिनीच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत.
• ओटीपी येणारे सिम चालू ठेवावे. दीर्घकाळ वापर नसेल तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला मिळू शकतो.

वेबसाइट: एक पान पुरेसे

शेतकऱ्याच्या वेबसाइटला झगमगाटाची गरज नाही. ग्राहकाला चार गोष्टी हव्या असतात: तुम्ही कोण, कुठले, माल काय व कधी मिळेल, आणि संपर्क कसा करायचा.

वेबसाइट दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार साध्या 'एचटीएमएल' पानांचा. यात मजकुराच्या फाइल आणि फोटो एका फोल्डरमध्ये असतात. तेच फोल्डर सर्व्हरवर चढवले की वेबसाइट दिसू लागते. अख्खी वेबसाइट पेन ड्राइव्हवर ठेवता येते, बिघडण्यासारखे त्यात फार काही नसते आणि कमी रेंजमध्येही ती लवकर उघडते. कृषी महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी काही दिवसांत हे शिकू शकते. दुसरा प्रकार तयार साच्यांचा, जसे वर्डप्रेस किंवा वेबसाइट बनवणारी ॲप. ती सोपी असतात, पण पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. माझे स्वतःचे डोमेन जोडता येईल का? सगळा मजकूर व फोटो बाहेर काढता येतील का? वर्गणी थांबवली तर वेबसाइटचे काय होईल?

पानावर काय असावे:

• बागेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा.
• पीक, जाती, हंगामाचा कालावधी, पेटीचे किंवा पॅकिंगचे प्रकार.
• ऑर्डर कशी द्यायची, माल कुठे पोहोचतो, खराब फळ निघाल्यास काय कराल.
• प्रमाणपत्रे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हे येतात. आपण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असल्यास तो क्रमांक द्यावा. दुसऱ्या भागातील आंबा हापूस म्हणून विकला जात असताना ग्राहकाला हा पुरावा लागतो.
• शेवटची सुधारणा केल्याची तारीख.

पानावर काय नसावे: आधार क्रमांक, सातबाऱ्याची प्रत, बँक पासबुकाचा फोटो आणि ग्राहकांची यादी.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या डीटीपी फाँटमधील मजकूर किंवा फोटोवर लिहिलेली माहिती शोधयंत्राला नीट वाचता येत नाही. त्यामुळे 'देवगड हापूस' असा शोध घेणाऱ्याला तुमचे पान सापडणार नाही. फोटो चढवण्याआधी लहान करावेत, दोनशे-तीनशे केबी आकार पुरेसा होतो. मूळ मोठा फोटो मात्र स्वतःजवळ ठेवावा.

नवीन माहिती आधी वेबसाइटवर टाकावी आणि तिची लिंक व्हॉट्सॲप गटात किंवा समाजमाध्यमावर द्यावी. पेटीवर, बिलावर आणि गाडीवरही वेबसाइटचाच पत्ता छापावा.

ॲपला संमती देताना

पीक सल्ला, ठिबक, विमा, कर्ज अशा अनेक ॲपमध्ये शेताचे ठिकाण, पीक व उत्पादनाची माहिती मागितली जाते. ती देण्यात गैर नाही, पण कशासाठी व कोणाला देत आहोत हे वाचून घ्यावे. फक्त हवामानाचा अंदाज देणारे ॲप संपर्क यादी किंवा संदेश पाहण्याची परवानगी मागत असेल, तर ती नाकारावी.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात आपली कोणती माहिती घेतली ते विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, माहिती पुसून टाकायला सांगण्याचा, तक्रार करण्याचा आणि आपल्या पश्चात हे हक्क वापरण्यासाठी व्यक्ती नेमण्याचा हक्क दिलेला आहे. दिलेली संमती मागेही घेता येते. मात्र एका कंपनीकडील माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात दुसरीकडे नेण्याचा हक्क या कायद्यात नाही. म्हणून ॲपमध्ये भरलेल्या नोंदीची आपली प्रत आपणच ठेवायला हवी.

हाच विचार ग्राहकांच्या बाबतीतही लागू होतो. त्यांचे पत्ते व नंबर त्यांनी आंबा घेण्यासाठी दिलेले आहेत. ती यादी दुसऱ्या विक्रेत्याला देऊ नये. संदेश नको म्हणणाऱ्याचे नाव काढून टाकावे. यादीची फाइल पासवर्ड लावून ठेवावी.

शेतकरी उत्पादक कंपन्या व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी उत्पादक कंपनीचे डोमेन, ईमेल व समाजमाध्यमांची खाती कंपनीच्या नावावर असावीत. मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा एखाद्या संचालकाच्या खासगी नंबरवर ती असू नयेत. माणूस बदलला की चाव्याही बदलल्या पाहिजेत. म्हणून खात्यांची यादी, नूतनीकरणाच्या तारखा आणि कोण काय सांभाळतो याचे एक पान करून ते किमान दोघांकडे द्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याला नवीन ॲप सुचवताना त्यातील नोंदी बाहेर कशा काढायच्या हेही त्याच बैठकीत दाखवावे. ज्या ॲपमधून नोंदी काढता येत नाहीत, त्यात एकमेव नोंद ठेवण्याचा सल्ला देऊ नये.

वर्षभराचे वेळापत्रक (आंबा बागेसाठी)

• जून: हंगामाचा हिशेब पूर्ण करावा. ग्राहक यादी दुरुस्त करून तिच्या तीन प्रती काढाव्यात. ट्रान्सपोर्टच्या पावत्यांचे फोटो घ्यावेत.
• जुलै-ऑगस्ट: खते व संजीवकाच्या झाडनिहाय नोंदी त्याच आठवड्यात भराव्यात.
• ऑक्टोबर: डोमेनची मुदत, सिम व पासवर्ड तपासावेत. नूतनीकरण हंगामाच्या आधीच करावे, मुदत एप्रिल-मेमध्ये संपणार असेल तर नक्कीच.
• डिसेंबर-जानेवारी: मोहोराचे फोटो व अंदाजित तारखा वेबसाइटवर टाकाव्यात.
• मार्च: ग्राहक यादीची एक छापील प्रत काढून पॅकिंगच्या जागी ठेवावी.

पीक वेगळे असल्यास महिने बदलावेत, कामे तीच राहतील. सुरुवात म्हणून आज दोनच गोष्टी कराव्यात. मोबाइलमधील ग्राहकांचे नंबर एका फाइलमध्ये उतरवावेत आणि तिची एक प्रत मोबाइलबाहेर ठेवावी.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या बागायतदारांनी त्या जून महिन्यात आपल्या नावाचे डोमेन घेतले आणि वडिलांच्या मदतीने जुन्या पावत्यांवरून यादी पुन्हा तयार केली. समाजमाध्यमावरील खाते ते आजही वापरतात. ट्रान्सपोर्टची पावती मात्र अजूनही कार्बन लावूनच लिहितात.